वाकड्या रेघांची तक्रार

११ फेब्रुवारी, मंगळवार

रिटायर झालेल्या माणसाने स्वस्थ बसू नये असं ठामपणे वाटणारी दोन माणसं या जगात आहेत, आणि दुर्दैवाने दोन्ही माझ्याच घरातली आहेत. एक बायको, वीणा. दुसरी मुलगी, अंतरा. ती इथून वीस मिनिटांवर राहते आणि जूनमध्ये आम्हाला आजी-आजोबा करणार आहे. दोघींनी मिळून माझ्या बाहत्तराव्या वाढदिवसाला मला मेकरस्पेसची मेंबरशिप दिली. स्वेटर दिला असता तर कपाटात तरी टाकता आला असता.

मेकरस्पेस म्हणजे सुतार, लोहार आणि शिंपी यांना एका हॉलमध्ये कोंडायचं आणि वर फुकट वायफाय द्यायचं. आमच्या या अमेरिकेतल्या अल्फारेटात, लायब्ररीच्या मागे, अशी जागा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. तिथली मुख्य बाई रोंडा. साठीची, करड्या केसांची लांब वेणी, आवाज शाळेच्या घंटेसारखा. मी सांगितलं, मी आयुष्यभर बॉयलर डिझाइन केलेत. "ऑसम!" ती म्हणाली. या देशात बॉयलरही ऑसम आणि सँडविचही ऑसम.

ही डायरीसुद्धा वीणाचीच आयडिया. "लिहीत जा हो, मन मोकळं होतं." माझं मन मोकळंच असतं, ते लोकांना ऐकवत नाही, हा प्रॉब्लेम आहे. वही तिनेच आणली. स्वस्तातली दिसते. पानाच्या मधोमध रेघा खचल्यासारख्या छापल्यात.

१८ फेब्रुवारी

आज अंतराकडे जेवायला गेलो. बाळासाठी तिने एक बिछाना पसंत केलाय. बाळ रडलं की तो आपोआप हलतो आणि आई-बापांच्या फोनवर मेसेज पाठवतो. म्हणजे बाळ शेजारच्या खोलीत रडतंय ही बातमी उपग्रहामार्फत येणार.

"पाळणा मी करतो," मी म्हटलं.

जावई, सौमित्र, भाताकडे बघायला लागला. पुण्याचा मुलगा आहे, सासऱ्यासमोर मत नसतं त्याला.

"बाबा, आर यू शुअर?" अंतरा म्हणाली.

ज्या माणसाने केलेल्या बॉयलरवर अर्धा डझन कारखाने चालले, त्याला चार पाय आणि काही पट्ट्या जमतील का, असा तो प्रश्न होता. मी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हटलं, "शुअर."

२६ फेब्रुवारी

लाकूड कापायच्या आधी सॉफ्टवेअर शिकावं लागतं. त्यातही दोन आहेत. एकात चित्र काढायचं. दुसरं त्या चित्रावरून पातं कुठून कसं फिरेल ते ठरवतं. म्हणजे पहिल्यात चूक करायची आणि दुसऱ्यात ती कापायची.

हे ज्याने बनवलं त्याला माणसांविषयी काही राग असावा. राखाडी पडद्यावर राखाडी रेघा, आणि अक्षरं मोहरीएवढी. चित्रासाठी मागे चौकटीचा आलेख असतो, आमच्या वेळच्या ग्राफ पेपरसारखा. तर तो आलेख मधोमध वाकलेला आहे! कडेला सरळ आणि मध्ये रेघा पाण्यात काठी घातल्यासारख्या. मी रोंडाला बोलावलं.

"रेघा वाकड्या आहेत."

तिने पाहिलं. "मला तर सरळ दिसतायत, नॅरेन." माझ्या नावाचा उच्चार ती असाच करते.

माझ्या बॅगेत स्टीलची पट्टी असतेच. ती मी स्क्रीनला लावली, तर पट्टीही मध्ये वाकलेली निघाली! आजकाल धड पट्टीसुद्धा मिळत नाही. रोंडाने ती टेबलावर उभी ठेवून तिच्या कडेने नजर लावून पाहिली आणि म्हणाली, पट्टी चांगली आहे. बाईला कुणाशीच वाईटपणा घ्यायचा नाही, पट्टीशीही नाही.

घरी येऊन सॉफ्टवेअर कंपनीला तक्रारीचा ईमेल लिहिला आणि एक कॉपी रोंडाला पाठवली. कंपनीचं उत्तर लगेच आलं की माझं मत त्यांना फार मोलाचं आहे. म्हणजे कुणी वाचलेलं नाही.

५ मार्च

समोरच्या डेव्हिडने त्याची पत्रपेटी रस्त्याच्या जवळ आणून ठेवलीय. म्हणजे ती आधीपासूनच तिथे होती असं तो म्हणतो. गेल्या आठवड्यात वळताना माझी गाडी तिला लागली आणि ती आडवी झाली. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "नो वरीज," आणि मग वीणाकडे पाहिलं. आता पत्रपेटी माझ्या गाडीने पाडली तर वीणाकडे काय बघायचं?

तेव्हापासून बाईसाहेबांना ड्रायव्हिंगची हौस आलीय. "माझी प्रॅक्टिस जाईल हो, मला चालवू द्या." चाळीस वर्षं हायवेचं नाव काढलं की ही किल्ली माझ्या हातात द्यायची.

आणखी एक नवीन सवय. मंडळाच्या कार्यक्रमात दारातून कुणी आत आलं की ही माझ्या कानात कॉमेंट्री करते. "सुहासिनी आली बरं का." "निळ्या साडीत देवयानी." जणू मी पहिल्यांदाच या गावात आलोय.

तिने डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंटही घेतली होती, मला न विचारता. मी ती कॅन्सल केली. त्याच दिवशी लाकूड कापायच्या मशीनवर माझा नंबर होता. असला तर मोतीबिंदू असेल, आणि मोतीबिंदू काय पळून जाणार आहे?

वीणाने त्या रात्री भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली.

१४ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस माझा!

पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या पट्ट्या आहेत. त्या सगळ्या नव्याने काढायचा कंटाळा आला होता, तेवढ्यात सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी आधीच करून ठेवलेला कठड्याचा नमुना सापडला. दोन पट्ट्यांमधलं अंतर मला अठ्ठावन्न मिलिमीटर हवं होतं. नमुन्यात पाहिलं तर अंतर आधीच अठ्ठावन्न! या सॉफ्टवेअरने पहिल्यांदाच माझ्या मनातलं ओळखलं. तिथल्या तिथे पास केलं.

रोंडा म्हणाली, "कापायच्या आधी एकदा मापं वाचून दाखव ना मला."

मी म्हटलं, "मी लोकांना मापं वाचून दाखवायचो तेव्हा तू शाळेत असशील." ती हसली आणि बाजूला झाली.

मग मशीन चालू झालं. खरं सांगतो, त्या वेळी मला थट्टा सुचली नाही. पातं मेपलच्या फळीत उतरलं आणि पांढरा भुसा उडायला लागला. त्या लाकडाला जळक्या साखरेसारखा वास येतो. मी आयुष्यभर कागदावर रेघा काढल्या आणि त्यांचं लोखंड कुणीतरी दुसऱ्याने, कुठेतरी दुसरीकडे केलं. माझ्या रेघेची वस्तू होताना मी कधी पाहिलीच नव्हती. पट्ट्या हातात घेतल्या तेव्हा त्या कोमट होत्या.

एकदोन कडा उंचसखल आल्यात. लाकूडच तसं असणार.

२९ मार्च, शनिवार

आज पाळणा अंतराकडे नेला. गाडी अर्थातच वीणाने चालवली.

अंतराने पाळण्यावरून हात फिरवला. "बाबा, इट्स ब्यूटिफुल." तिचे डोळे भरून आले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण इंजिनिअरने अशा वेळी कुठे बघायचं हे कॉलेजात शिकवत नाहीत.

मग सौमित्र उठला आणि फ्रिजमधून सोड्याचा कॅन घेऊन आला. मला वाटलं, सेलिब्रेशन. तर तो पाळण्यापाशी गुडघ्यांवर बसला. "बाबा, इथे एक सोपी टेस्ट सांगतात. दोन पट्ट्यांमधून कॅन पलीकडे जाता कामा नये. नाहीतर बाळाचं अंग त्यातून खाली सरकतं आणि डोकं अडकतं." घसा साफ करून म्हणाला, "म्हणजे फॉर्मॅलिटी फक्त."

कॅन पलीकडे गेला.

त्याने पुढच्या फटीत घातला. तिथूनही गेला. तो प्रत्येक फटीतून इतक्या सहज जात होता की जणू दार त्याच्यासाठीच उघडं ठेवलं होतं. सौमित्रचा चेहरा पडला. मला त्याची दया आली. सासऱ्याच्या पाळण्यातून कॅन पलीकडे जाणं हा कुणाही जावयाचा शेवटच म्हणायचा.

मी टेप मागितली. अंतराने स्वतः मोजलं. "सिक्स्टी एट. बाबा, सगळीकडे अडुसष्ट आहे."

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"अडुसष्ट."

"मी स्वतः स्क्रीनवर पाहिलंय, अठ्ठावन्न. सॉफ्टवेअरने बदललं असेल. त्याच्या रेघासुद्धा वाकड्या आहेत, मी तक्रार केलीय."

अंतरा एकदम मोठ्याने म्हणाली, "बाबा, स्टॉप! रेघा, पट्टी, डेव्हिडचा मेलबॉक्स, सगळे चुकले आणि तू एकटा बरोबर? हे माझं बाळ आहे!" मग ती पोटावर हात ठेवून खाली बसली आणि रडायला लागली. सौमित्र पाणी आणायला धावला. वीणा माझ्याकडेच बघत होती.

आम्ही पाळणा तिथेच ठेवून घरी आलो.

३० मार्च

आता हे सिद्धच करतो. तेच सॉफ्टवेअर आज घरच्या लॅपटॉपवर उतरवलं. स्क्रीन वेगळी, कॉम्प्युटर वेगळा. इथेही आलेख मध्ये वाकडा आला तर दोष सॉफ्टवेअरचाच, हे शेंबडं पोरही मान्य करेल.

आला. इथेही वाकडाच आला.

अंतराने फोन उचलला नाही. उद्या सकाळी आधी वीणाला दाखवतो.

३१ मार्च, सोमवार

दाखवलं.

"हे बघ," मी म्हटलं. "इथे, मधोमध. दिसतंय?"

वीणा माझ्या मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. "रेघा सरळ आहेत हो."

"तुला ड्रॉइंगमधलं काय कळतंय?"

एरवी अशा वाक्याने घरात दोन दिवस संप होतो. आज तिने खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि माझा उजवा डोळा स्वतःच्या तळव्याने झाकला. हाताला हळदीचा वास होता. "आता सांगा. आलेखाच्या मध्ये काय दिसतं?"

मध्ये काहीच नव्हतं. रेघा वाकड्याही नव्हत्या. होता फक्त एक मळकट डाग, कुणी ओलं बोट फिरवल्यासारखा. मी डोळा हलवला, तर डागही हलला. लॅपटॉपवरून भिंतीवर गेला, भिंतीवरून वीणाच्या तोंडावर. तिचे कान दिसत होते, केस दिसत होते. चेहरा नव्हता.

मग तिने दुसरा डोळा झाकला. उजव्याने रेघा दिसत होत्या, पण मध्ये किंचित लहरत होत्या.

"स्क्रीन..." मी म्हटलं.

"स्क्रीन चांगली आहे," वीणा म्हणाली. "मला दिवाळीपासून शंका आहे. फराळाच्या ताटातली चकली उचलायला जायचात आणि हात शेजारी पडायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. अपॉइंटमेंट कुणी कॅन्सल केली?"

तिने तिथल्या तिथे फोन लावला आणि कालच अपॉइंटमेंट हवी असल्यासारखी बोलली. सकाळचा चहा केला नव्हता, हे मला दुपारी आठवलं.

२ एप्रिल

रेटिनाचा डॉक्टर तरुण आणि भलताच हसरा. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि गळतात, वयाने होणारा आजार आहे, असं त्याने हसतहसत सांगितलं. सरळ रेघा वाकड्या दिसणं हे त्याचं अगदी पुस्तकी लक्षण. तो असाच एक आलेख दाखवून तपासतो, चौकटीचौकटीचा. म्हणजे जो आजार ओळखायला लोक डॉक्टरकडे जातात, तो मी महिनाभर रोज लायब्ररीमागच्या हॉलमध्ये बसून फुकट तपासत होतो आणि कंपनीला तक्रारी पाठवत होतो.

डाव्या डोळ्याला उशीर झालाय. मधली नजर परत येईल असं तो म्हणाला नाही. उजव्यात नुकतंच सुरू होतंय. "हा वाचवता येईल. आधी आला असता तर..." आणि तो थांबला. कॅन्सलचा विषय वीणा काढेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने काढलाच नाही. उत्तर वाया गेलं.

इंजेक्शन सरळ डोळ्यात देतात. बॉयलरमध्येही कधी इतक्या जवळून हात घातला नव्हता. वीणा माझा हात धरून होती. घट्ट. गरज तिला होती, मला नाही, असं मी इथे नमूद करतो.

ड्रायव्हिंग बंद. किल्ली मी स्वतःहून तिच्या पर्समध्ये टाकली. तिने मागितली नव्हती.

६ एप्रिल

इथे मागे लिहिलेलं वाचायला घेतलं. भिंग लागलं. वहीच्या रेघांमध्ये काही दोष नाही. अक्षरंच एकमेकांवर चढलीत.

पुढे वाचलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

दोन आठवडे घरात बसलो. पाळणा अंतराच्या गराजमध्ये आहे, एवढंच सौमित्रने सांगितलं. अंतरा रोज फोन करते, इंजेक्शनचं विचारते, पाळण्याचं नाव काढत नाही. मीही काढत नाही. दोघांचा आवाज असा गोड येतो की ऐकणाऱ्याला डायबिटीस व्हावा.

आज वीणा म्हणाली, "उठा. रोंडाकडे जाऊ."

"कशाला? आंधळ्याने सुतारकाम करायला?"

"आंधळे नाही आहात. आगाऊ आहात. चला."

रोंडा दारातच भेटली. मी तिला सांगायचं ठरवलेलं बरंच होतं. पट्टीविषयी, तक्रारींविषयी, ती शाळेत असतानाच्या गोष्टीविषयी. तोंडातून एवढंच आलं, "पट्टी सरळ होती."

"आय नो, हनी," ती म्हणाली आणि मला मिठी मारली. चाळीसेक वर्षं या देशात राहून मला अजून कळत नाही की अशा वेळी हात कुठे ठेवायचे.

मग तिने सॉफ्टवेअरचा अवतारच बदलला. काळा पडदा, पिवळ्या जाड रेघा, अक्षरं बोराएवढी. हे सगळं एका बटणामागे होतं. पहिल्याच दिवशी मी 'नीट दिसत नाही' म्हटलं असतं तर तेव्हाच झालं असतं. पण तेव्हा दोष सॉफ्टवेअरचा होता.

माउस वीणाने घेतला. मी सांगायचं, तिने काढायचं. हा अनुभव लिहून ठेवायलाच हवा.

"डावीकडे घे. अजून. अजून थोडं. थांब!"

"थांबले. ओरडता कशाला?"

"आता माप टाक. अठ्ठावन्न."

"पंचावन्न टाकते."

"डिझाइनर मी आहे की तू?"

"आजी मी आहे," ती म्हणाली आणि पंचावन्न टाकलं. वर आकडे मोठ्याने वाचले, एकदा नाही, दोनदा. पलीकडच्या टेबलावर पतंग करणारी मंडळी टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

वीणाने आयुष्यभर बँकेत काम केलं. त्रिकोण आणि चौकोन यापलीकडे तिचा आणि भूमितीचा परिचय नाही. तासाभरात तिला ते जमायला लागलं. मला याचा आनंद झाला की राग आला, हे अजून ठरवलेलं नाही.

१० मे

सौमित्रने पाळणा आमच्याकडे आणून दिला होता, त्याला नव्या बाजू बसवल्या. कडा मी घासल्या, पॉलिशपेपरने. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. बोटांना जिथे खरखर लागली तिथे पुन्हा घासलं. मागच्या वेळी लाकूडच तसं आहे म्हणून सोडून दिलेल्या कडाही सापडल्या.

संध्याकाळी अंतरा आणि सौमित्र आले. सौमित्र रिकाम्या हाताने आला होता, मुद्दाम. मीच फ्रिजमधून कॅन काढून अंतराच्या हातात दिला.

"नको बाबा."

"टेस्ट आहे. कर."

तिला आता वाकता येत नाही, म्हणून सौमित्रने पाळणा टेबलावर चढवला. तिने प्रत्येक फटीत कॅन लावून पाहिला. एकाही फटीत शिरला नाही. दुसऱ्या बाजूलाही तिने तेवढ्याच बारकाईने केलं, जराही सूट दिली नाही. मुलगी माझीच आहे.

शेवटची फट झाल्यावर तिने कॅन खाली ठेवला. "त्या दिवशी मी खूप ओरडले."

"ओरडली नसतीस तर मी अजून सॉफ्टवेअर कंपनीला पत्रं लिहीत असतो."

ती हसली आणि मग रडली. या महिन्यात तिचं दोन्ही एकदमच चालू असतं. या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

२ जून

तिसरं इंजेक्शन. उजव्या डोळ्यातली लहर बरीच कमी झालीय. हसरा डॉक्टर आणखीच हसला. डावा आहे तसाच. तो आता शोभेला.

८ जून, रविवार

मुलगी झाली. परवा पहाटे. आज घरी आणलं.

सकाळपासून अंतराच्या घरी एवढी माणसं होती की सौमित्रने सगळ्यांना बूट दाराबाहेर काढायला लावले आणि मग हात धुवायला रांगेत उभं केलं. दुपारी गर्दी ओसरली. अंतराने बाळ पाळण्यात ठेवलं. हा पाळणा हलवायला फोन लागत नाही, हे मी सगळ्यांना एकदा सांगितलं. कुणी दाद दिली नाही.

"बाबा, ये ना. बघ तिला," अंतरा म्हणाली.

मी वाकून पाहिलं. दुपटं दिसलं, टोपी दिसली, मूठ दिसली. पण जिथे तोंड असायला हवं तिथे सगळं पुसट, लहरतं. मी पाळण्याची कड धरली. मग डावा डोळा मिटला.

आणि ती दिसली. लाल, सुरकुतलेली, कपाळाला आठी. कुणावर गेलीय ते सांगायची गरजच नव्हती.

"बाबा! दोन दिवसांच्या मुलीला डोळा मारतोयस?" अंतरा म्हणाली. तिला सगळं माहीत आहे. तरी तिने तसंच म्हटलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हो," मी म्हटलं.

मागे वीणाने नाक ओढलं. सर्दी झाली असेल.

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, मूठ गालावर घासली आणि एकच डोळा उघडला. दुसरा गच्च मिटलेला. तशीच ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. कुणीच पापणी हलवली नाही.